शेवाळाचे बेणे आणि कर्नाळ्याची प्रयोगशाळा

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० पासून समुद्री शेवाळासाठी सुमारे ६४० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले आणि पाच वर्षांत वर्षाला ११ लाख टनांहून अधिक उत्पादनाचे लक्ष्य जाहीर झाले. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या जवळपासही पोहोचलेले नाही. यामागे बाजार, परवाने, समुद्राची लहर अशी अनेक कारणे असली, तरी कोकणापुरते बोलायचे तर मला पहिले कारण बेण्याचे दिसते. म्हणूनच पनवेल-पेण पट्ट्यात, कर्नाळ्याच्या आसपास थोडी जमीन, वीज आणि हमरस्ता हाताशी असणाऱ्यांनी 'शेवाळाची रोपे प्रयोगशाळेत करून विकता येतील का?' असे विचारले, तर तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. करता येतील. मात्र केळीच्या टिश्यू कल्चर रोपांचा धंदा डोळ्यांसमोर ठेवून हे काम सुरू केले, तर ते बुडेल. उसाचा बेणेमळा डोळ्यांसमोर ठेवला, तर तगेल. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, पण त्यामागचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

भारतात व्यापारी शेती प्रामुख्याने कप्पाफायकस या लाल शेवाळाची होते. आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत घट्टपणा आणण्यासाठी वापरला जाणारा कॅरागीनन त्यातून मिळतो, आणि ताज्या शेवाळाचा रस काढून तो पिकांवर फवारलाही जातो. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना 'सीवीड'चा डबा नवा नाही. या शेवाळाला शेतीत बी नसते. उसाची कांडी लावावी तसे जुन्या झाडाचे तुकडे दोरीला बांधायचे, ते वाढले की कापायचे, आणि त्यातलेच काही पुन्हा बांधायचे. तामिळनाडूतील मंडपमच्या किनाऱ्यावर रूढ असलेला बांबूचा तराफा १२ फूट लांब, १२ फूट रुंद असतो. त्यावर २० दोऱ्या, प्रत्येक दोरीला २० तुकडे आणि प्रत्येक तुकडा सुमारे १५० ग्रॅमचा, म्हणजे एका तराफ्याला ४०० तुकडे आणि ६० किलो बेणे लागते. ४५ दिवसांनी सरासरी २६० किलो ओले शेवाळ हाती येते. त्यातले ६० किलो पुढच्या लावणीला ठेवले तर २०० किलो उरते, आणि वाळवल्यावर त्याचे वीसेक किलो होते. पुढचे सगळे गणित याच आकड्यांवर उभे आहे, म्हणून ते लक्षात ठेवावेत.

तुकड्यातून तुकडा करत राहण्यात सोय आहे तसा धोकाही आहे. हे शेवाळ फिलिपिन्समध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शेतीत आले आणि जगभर पसरले ते मोजक्या वाणांच्या तुकड्यांतून. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ते १९८४ मध्ये जपानमधून आणून आधी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि पुढे मंडपमला रुजवले. म्हणजे आपल्याकडची झाडे बहुतांशी एकाच कुळातली आहेत. एकाला जे बाधते ते सगळ्यांना बाधते. २०१२-१३ मध्ये तामिळनाडूत सुमारे दीड हजार टन वाळलेल्या शेवाळापर्यंत गेलेली ही शेती २०१३-१४ मध्ये पाणी तापल्यावर मोठ्या प्रमाणावर मेली, आणि पुन्हा उभी राहताना पहिली अडचण आली ती चांगल्या बेण्याची. उलट जगात शेवाळाची शेती जिथे खरोखर मोठी झाली तिथे तिच्या मुळाशी प्रयोगशाळेतले बेणे आहे. जपानमधल्या नोरी या शेवाळाचे बीज उन्हाळ्यात जाते कुठे हे कोळ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत नव्हते. इंग्लंडमधल्या कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की ते शिंपल्यांच्या कवचात सूक्ष्म धाग्यांच्या रूपात राहते. तेव्हापासून जपानमध्ये शिंपल्यांवर बीज वाढवून जाळ्यांवर चढवण्याचा उद्योग उभा राहिला. चीनमध्ये त्सेंग चेंगकुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नासच्या दशकात उन्हाळ्यातच थंड पाण्यात कोंबू या शेवाळाची रोपे तयार करण्याची रीत बसवली. दोन्ही ठिकाणी प्रयोगशाळेने एकच गोष्ट केली: निसर्ग ज्या ऋतूत बेणे मारतो, तो ऋतू तिने बेण्याला पार करून दिला. आपल्याकडे तो ऋतू पावसाळा आहे.

आता केळीचा नमुना का चालत नाही ते पाहू. पाच फूट बाय पाच फूट अंतरावर एकराला १,७४२ केळीची रोपे लागतात. शेतकरी ती एकदा विकत घेतो, एका रोपाला एक घड धरतो, आणि त्या घडाच्या किमतीत रोपाचा खर्च सहज सामावतो. शेवाळाच्या शंभर तराफ्यांचे क्षेत्र सव्वातेरा गुंठ्यांच्या आसपास भरते, आणि त्यांना ४०,००० तुकडे, म्हणजे सहा टन बेणे लागते. एका तुकड्यापासून ४५ दिवसांत मिळणारे वाळलेले शेवाळ ६० ग्रॅमच्या जवळपास असते, बेणे वजा केले तर त्याहूनही कमी. साठ ग्रॅम मालासाठी प्रयोगशाळेत वाढवलेले स्वतंत्र रोप कोणता शेतकरी विकत घेईल? शिवाय प्रयोगशाळेतून निघणारे रोप दीडशे ग्रॅमचे नसते, जेमतेम एखाद्या ग्रॅमचे असते. तराफ्याला बांधले तर मासाच ते खाऊन टाकील. ऊस बेण्याची गोष्ट वेगळी आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेतून थोडे मूलभूत बेणे घ्यायचे, त्यातून पायाभूत बेण्याचा मळा करायचा, त्यातून प्रमाणित बेणे करून शेतकऱ्याला द्यायचे आणि शेतकऱ्याने ते तीन-चार वर्षांनी बदलायचे, ही त्रिस्तरीय पद्धत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला पाठ आहे. शेवाळाला हीच लागू पडते. प्रयोगशाळा हा तिचा सर्वांत छोटा आणि सर्वांत वरचा थर.

हे थर किती वेळ खातात ते मोजले, म्हणजे भलत्या आशा राहत नाहीत. ६० किलोचे ४५ दिवसांत २६० किलो होते याचा अर्थ शेवाळ रोज सुमारे ३.३ टक्क्यांनी वाढते आणि तीन आठवड्यांत दुप्पट होते. या वेगाने एक ग्रॅमचे रोप दीडशे ग्रॅमचे व्हायला पाच महिने लागतात. ऑक्टोबरमध्ये लावणी करायची तर ते एक ग्रॅमचे रोप मे महिन्याच्या सुरुवातीला समुद्रात जायला हवे, आणि मग नेमका पावसाळा आडवा येतो. जूनपासून समुद्र खवळतो, नद्या गोड्या पाण्याचे लोंढे आणतात, पाणी गढूळ होते आणि क्षारता झपाट्याने उतरते. या शेवाळाला दर हजारी ३० ते ३५ भाग क्षारता लागते. ती बरीच खाली गेली की फांद्या पांढऱ्या पडून तुटतात. म्हणून खरा क्रम असा बसतो. प्रयोगशाळेने वर्षभर रोपे तयार करून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत समजा दोन हजार रोपे, म्हणजे दोन किलो, समुद्रातल्या जाळीच्या पिशव्यांत सोडली. मेअखेरपर्यंत त्यांचे साठेक किलो होईल. पावसाळ्यात ते किनाऱ्यावरच्या टाक्यांत जगवायचे, वाढ झाली नाही तरी चालेल, मरू नये एवढेच पाहायचे. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा समुद्रात गेले, तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सहा टन होईल. त्यानंतर पावसाळ्याआधी शंभर तराफ्यांची दोन पिके निघतील. पूर्ण हंगाम त्याच्या पुढच्या वर्षी मिळेल, तोही मे महिन्यात साठऐवजी ५०० किलो निवडक बेणे टाकीत नेले तरच, कारण ५०० किलोचे सहा टन व्हायला ७६ दिवस पुरतात आणि डिसेंबरच्या मध्यापासून तीन पिके घेता येतात. थोडक्यात, दोन पावसाळे पार करण्याएवढे भांडवल आणि धीर नसेल तर या कामात पडू नये. ही आकडेमोड मंडपमच्या सरासरीवर केली आहे. कोकणचा समुद्र पाल्कच्या सामुद्रधुनीइतका शांत नाही, म्हणून वाढ याहून कमीच धरावी.

कर्नाळ्याचे स्थान या साखळीत कुठे बसते? वरच्या थराला समुद्रकिनारा लागत नाही. काचेच्या भांड्यातल्या रोपांना आठवड्याला हजारभर लिटर गाळलेले समुद्राचे पाणी पुरते, आणि ते टँकरने आणता येते. वातानुकूलन, सलग वीज, जनरेटरचा मेकॅनिक, रसायनांचा पुरवठा आणि टिश्यू कल्चर शिकलेली मुले या गोष्टी मुरूड-श्रीवर्धनपेक्षा पनवेलजवळ सहज मिळतात. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था दिवसभरात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र तर दारातच आहे. त्याचे मुख्य काम खाऱ्या जमिनीतल्या भाताचे असले, तरी या भागातल्या पाण्याची आणि क्षारांची वर्षभराची चाल त्यांना ठाऊक असते. मात्र जवळ आहे म्हणून पनवेल, करंजा किंवा धरमतरच्या खाडीतून पाणी उचलू नये. या खाड्यांत गाळ जास्त, पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडे, बंदरांची आणि बार्जची वर्दळ, आणि वरच्या बाजूला तळोजा व पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहती आहेत. शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून साठवते, त्यामुळे अशा पाण्यात वाढलेले बेणेच पुढे माल नाकारला जाण्याचे कारण ठरू शकते. पाणी अलिबागच्या दक्षिणेकडच्या उघड्या किनाऱ्यावरून, भरतीच्या वेळी आणावे, आणि पावसाळ्यापुरते मे महिन्यातच साठवून ठेवावे. मधल्या थराचे, म्हणजे टाक्यांचे, काम मात्र कर्नाळ्याला करण्याचा मोह टाळावा. घनमीटरला तीन किलो धरले तरी ५०० किलो बेण्याला पावणेदोन लाख लिटरच्या आसपास पाणी लागते, ते बदलावेही लागते, आणि वापरलेले खारट पाणी सोडायचे कुठे हा प्रश्न उरतोच. कर्नाळा अभयारण्याच्या ओढ्यात किंवा शेजाऱ्याच्या भाताच्या खाचरात ते सोडण्याचा विचारही नको. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे नियम आपल्या गट नंबराला लागू होतात का, हे पाया खणण्याआधी वनखात्याकडे विचारून घ्यावे.

प्रयोगशाळेतल्या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे स्वच्छता, आणि नवखे लोक हरतात तेही तिथेच. मूळ झाड निवडताना भरलेले, कडक, गडद रंगाचे, ज्यावर केसासारखे उपशेवाळ चढलेले नाही आणि जे कुठेही पांढरे पडलेले नाही, असेच घ्यावे. शेंड्याकडचे कोवळे तुकडे समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून, थंड पेटीतून, उन्हाचा स्पर्श न होऊ देता आणावेत. गोड्या पाण्याने धुण्याची चूक कामगाराकडून हमखास होते, म्हणून धुण्याच्या जागी गोड्या पाण्याचा नळच नसलेला बरा. आलेला माल दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा. मग मऊ ब्रशने घासून, निर्जंतुक समुद्रपाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन, अर्धा ते एक सेंटिमीटरचे तुकडे करावेत. त्यांना पोव्हिडोन आयोडीनच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ ठेवून पुढे प्रतिजैविकांच्या मिश्रणात ठेवतात. डायॅटम नावाचे सूक्ष्म शेवाळ फार चिवट असते, त्याला आवर घालायला माध्यमात जर्मेनियम डायऑक्साइड अत्यल्प प्रमाणात घालतात. नायट्रेट, फॉस्फेट, लोह व जीवनसत्त्वे घालून समृद्ध केलेले समुद्राचे पाणी, २५ अंशांच्या आसपास तापमान, मंद प्रकाश, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, सतत बारीक हवा आणि आठवड्याला माध्यम बदल, एवढ्यावर तुकड्याच्या कापलेल्या बाजूला व कडांना नवे कोंब फुटतात. उजेड वाढवला की रोपे लवकर वाढतील असे वाटते, प्रत्यक्षात आधी उपशेवाळ वाढते.

यात दोन वाटा आहेत आणि निवड विचार करून करावी. एका वाटेत तुकड्यावर आधी पेशींचा गोळा, म्हणजे कॅलस, येऊ देतात आणि त्यातून भ्रूणासारखी सूक्ष्म रोपे घेतात. भावनगरच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली आणि अशी रोपे समुद्रात नेहमीच्या बेण्याच्या दीड ते १.८ पट वेगाने वाढल्याची नोंद केली. दुसऱ्या वाटेत कॅलसची पायरी टाळून शेंड्याच्या तुकड्यांतूनच थेट कोंब घेतात. फिलिपिन्समध्ये तपकिरी शेवाळाचा अर्क माध्यमात घालून या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर रोपे केली गेली. पहिल्या वाटेत नवे, जोमदार झाड मिळण्याची शक्यता असते, पण काळ फार लागतो आणि प्रत्येक रोप मूळ झाडासारखेच निघेल याची खात्री नसते. लहान खाजगी प्रयोगशाळेने दुसरी वाट धरावी, पहिली सरकारी संस्थांवर सोडावी. संस्थांचे नवे वाण आणून ते स्वच्छ राखणे आणि वाढवणे, हेच आपले काम मानावे.

'टिश्यू कल्चरचे बेणे म्हणजे रोग येणार नाही' असे ग्राहकाला सांगणारे विक्रेते निघतील. तसे सांगू नये. स्वच्छ बेण्यावर सुरुवातीला उपशेवाळ नसते, एवढीच हमी देता येते. समुद्रात गेल्यावर पाणी तापले, प्रवाह थांबला, क्षारता पडली की 'आइस-आइस' म्हणतात तो फांदी पांढरी पडून गळण्याचा विकार स्वच्छ झाडालाही होतो. जोमही कायमचा नसतो. हंगामागून हंगाम तुकडे होत गेले की तो ओसरतो, आणि म्हणूनच दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलण्याची शिस्त लागते. शिवाय एकाच मूळ झाडापासून लाख रोपे केली, तर २०१३-१४ ची आपत्ती आपण फक्त अधिक टापटिपीने पुन्हा बोलावतो. प्रयोगशाळेत निदान पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली मूळ झाडे स्वतंत्र भांड्यांत, नावनिशीसह ठेवायला हवीत, मग ती सांभाळण्याचा खर्च कितीही नकोसा वाटो.

याहून वजनदार आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, दर ऑक्टोबरमध्ये मंडपमहून ट्रकभर बेणे मागवले की झाले. पहिल्या वर्षी, हात बसवण्यापुरते, दोन-चार तराफ्यांचे बेणे जरूर मागवावे. पण त्यावर शेती उभी राहणार नाही. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा, म्हणजे त्यांच्या मंदीचा काळ. आपल्याला बेणे हवे असते तेव्हाच त्यांच्याकडे ते कमी असते. प्रवासात माल शिणतो, आणि सोबत तिथले उपशेवाळ व जंतूही येतात. सहा टन बेणे आणण्यापेक्षा सहा ग्रॅम बेणे आणून वाढवणे सुरक्षित, हेच प्रयोगशाळेच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण आहे.

कप्पाफायकस ही परकी जात असल्याचा आक्षेप मात्र पूर्णपणे खोडून काढता येत नाही, आणि तो खोडूही नये. मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ हे शेवाळ शेतातून निसटून प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये नोंदवले गेले. आपल्याकडे मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. अशा जागांच्या आसपास कप्पाफायकसचे बेणे विकू नये, गिऱ्हाईक चालून आले तरी. कोकणच्या खडकांवर ग्रॅसिलेरिया, उल्वा, सरगॅसम या देशी जाती आहेतच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत उंटवाले, धारगळकर यांच्यासारख्यांनी चार-पाच दशकांपूर्वीच या किनाऱ्यावरच्या शेवाळांची पाहणी आणि यादी करून ठेवली आहे. या जातींचा एक मोठा फायदा प्रयोगशाळेला होतो. ग्रॅसिलेरियाच्या पक्व मादी झाडावर बारीक फोडांसारखे उंचवटे येतात. ते झाड थोडे सुकवून पुन्हा पाण्यात टाकले की त्यातून हजारो बीजाणू सुटतात, आणि खाली पसरलेल्या दोऱ्यांवर चिकटून रुजतात. तिथे तुकडे करत बसावे लागत नाही, आणि बीजाणू लैंगिक प्रजननातून आल्यामुळे बेण्यात विविधताही येते. आज या जातींना भाव कप्पाफायकसइतका पक्का नाही, अगर हा जेलीसारखा पदार्थ काढणाऱ्या कारखान्यांपुरता आहे. तरीही प्रयोगशाळेतला निदान एक रॅक पहिल्या दिवसापासून त्यांना द्यावा, असे माझे मत आहे. पुढे नियम कडक झाले, तर तोच रॅक धंदा वाचवील.

पैशांबद्दल एक इशारा. मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के साहाय्याची तरतूद आहे, म्हणून किनाऱ्यावरचा बेणेमळा मच्छीमार महिलांच्या बचत गटाकडे आणि प्रयोगशाळा आपल्याकडे अशी वाटणी केली तर दोघांचेही भागते. मात्र अनुदानाच्या आशेवर मोठी इमारत बांधू नये. एक कल्चर रूम, एक ऑटोक्लेव्ह, एक गाळण यंत्रणा, जनरेटर आणि पाणी साठवायच्या झाकलेल्या टाक्या एवढ्यावर पहिली दोन वर्षे निघतात. त्याआधी करायचे काम कागदावरचे आहे: किनाऱ्यावर बेणेमळ्याची जागा आणि ती चालवणारा गट पक्का करा, अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात परवानगीची चौकशी करा, आणि त्या जागेच्या पाण्याची क्षारता व तापमान पुढचे बारा महिने दर आठवड्याला वहीत टिपा. जुलै-ऑगस्टचे आकडे पाहिल्याशिवाय प्रयोगशाळेच्या सामानाची ऑर्डर देऊ नका.